सलामीची जोडी ठरली तो रविवार

सुवर्णा गेल्याचं मला रविवारी पावणेबाराला कळलं. कौशिक इस्पितळाच्या पायऱ्यांवर उभा होता. म्हणाला, "बाबा, आई गेली. पंधरा मिनिटं झाली. तुम्हाला विचारत होती." मग म्हणाला, "कुठं होतात तुम्ही?"

मी म्हणालो, "स्कूटर सुरूच होत नव्हती."

हे खोटं होतं.

ही यंदाच्या, दोन हजार चारच्या ऑगस्टमधली गोष्ट. मी रेल्वेत सिग्नल खात्यात आहे, आम्ही दुर्गापुऱ्याला राहतो. कौशिक आमचा एकुलता एक, गोपालपुऱ्याला कोचिंगमध्ये गणित शिकवतो. मूत्रपिंडाच्या आजारानं सुवर्णा तीन आठवडे इस्पितळात होती. त्या सकाळी तिला जरा बरं वाटत होतं. मला म्हणाली, "जा की उमाकांत भावजींकडं. इथं बसून सलाइनचे थेंब मोजता नुसते. कौशिक आहे ना माझ्याजवळ."

मी गेलो.

उमाकांत बँकेत अधिकारी, जवळच्या मानसरोवर कॉलनीत राहतो. मराठी मंडळाच्या गणपतीच्या अंकात भारताचा आजवरचा सर्वांत चांगला संघ छापायचा होता आणि तो निवडायचं काम आम्हा दोघांकडं होतं. तीन नंबरपासून खालचे सगळे ठरले होते. सलामीला गावसकर, त्यावरही वाद नव्हता. त्याच्या जोडीला कोण, यात चार रविवार गेले होते.

"सेहवाग," उमाकांत म्हणाला. "मुलतानला तीनशे नऊ मारले. आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

"इंग्लंडात ओल्या विकेटवर तीनशे नऊ मारून दाखवू दे. तिथं मर्चंटच पाहिजे."

"दशरथराव, मर्चंटला खेळताना तुम्ही पाहिलंय तरी का?"

"तुम्ही पाहिलंय? मग न पाहता नाही कसं म्हणता?"

"तुमच्याशी बोलण्यापेक्षा सिग्नलच्या खांबाशी बोललेलं बरं."

तेवढ्यात मंदाकिनी वहिनी आतून आल्या. "भावजी, कौशिकचा फोन आहे. लवकर या म्हणतोय."

कौशिकचा रोजच फोन यायचा. कधी इंजेक्शन आणायचं असायचं, कधी कागदावर सही. मी म्हणालो, "निघालोच म्हणावं. दोन मिनिटं."

आणि बसून राहिलो. मर्चंटची प्रथम श्रेणीतली सरासरी एकाहत्तर होती हे मी उमाकांतला तीन वेळा ऐकवलं. शेवटी तो म्हणाला, "लिहा बाबा मर्चंट. सुटका करा माझी." जिंकलो म्हणून मी आणखी एक चहा घेतला.

फोन अकराला आला होता. रस्ता पंधरा मिनिटांचा. सुवर्णा साडेअकराला गेली.

तेरावं झाल्यावर कौशिक स्कूटर मिस्त्रीकडं घेऊन गेला. परत येऊन म्हणाला, "तो भैया म्हणतो, गाडीत काहीच बिघाड नाही. तरी प्लग बदलून घेतला." त्याच संध्याकाळी तो फोनवर त्याच्या मावशीला सांगत होता, "बाबांचा काय दोष? स्कूटरनं दगा दिला." मी शेजारच्या खोलीत होतो. उठून जायला हवं होतं. गेलो नाही.

दोन दिवसांनी उमाकांत आला. अवघडून म्हणाला, "अंक छापायला द्यायचाय. मर्चंटच ठेवू ना?"

कौशिकनं त्याच्या हातातली यादी घेतली. "काका, हे कधी ठरलं?"

उमाकांतनं माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं.

"झाले बरेच दिवस," उमाकांत म्हणाला.

कौशिकनं यादी वाचली. "बाबा, आईला विचारायचं होतं. ती सेहवागच म्हणाली असती. तुमचा मर्चंट खोडूनच टाकला असता." असं म्हणून तो हसला. ती गेल्यापासून पहिल्यांदा हसला.

उमाकांत चहा न घेताच गेला. जाताना दारात मला हळूच म्हणाला, "मंदाला मी सांगून ठेवीन. पण दशरथराव, पोराला तुम्हीच सांगा. दुसऱ्याकडून कळायला नको."

अंक छापून आला. सलामीला गावसकर आणि मर्चंट. खाली निवड करणाऱ्यांत माझं नाव. कौशिकनं तो टीव्हीजवळ ठेवला आहे, आल्यागेल्याला दाखवतो. काल म्हणाला, "ती स्कूटर विकून टाकू का? मला बघवत नाही तिच्याकडं." मी म्हणालो, "विक."

त्याला मी खरं अजून सांगितलेलं नाही.