सतरा नंबरची उजळणी

शब्द वाचून दाखवायच्या आधीच सतरा नंबरच्या पेशंटने ते म्हणायला सुरुवात केली.

"लिंबू, खिळा, रुमाल, पूल, बादली, आरसा..."

परीक्षा घ्यायला बसलेल्या बाईंच्या हातात यादी होती, पण ती दुसरी. लिंबू आणि खिळा पहिल्या यादीत होते. पेशंट डोळे मिटून, पाढे म्हणावेत तशी मान हलवत म्हणत गेला. पंधराच्या पंधरा शब्द, क्रमाने. मग डोळे उघडून त्याने कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहिले. तिथे त्याची बायको मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसली होती.

"बरोबर ना गं?" त्याने विचारले.

बाईंनी यादी टेबलावर पालथी ठेवली.

पेशंट मूळचा घड्याळजी. दोन वर्षांपूर्वी रस्ता ओलांडताना मोटरसायकलने उडवले आणि डोके फुटपाथच्या कडेवर आपटले. हात अजून शाबूत होते. घड्याळ तो आजही झटक्यात उघडायचा. पण कुठला भाग कुठून काढला हे बंद करेपर्यंत डोक्यात राहायचे नाही, आणि मग चिमटा हातात धरून बसून राहायचा. बाईंनी शोधलेल्या स्मरणशक्तीच्या औषधाची चाचणी अशा चाळीस पेशंटवर झाली. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती पिठाची. दर महिन्याला पंधरा शब्द वाचून दाखवायचे आणि अर्ध्या तासाने विचारायचे. घड्याळजीला पहिल्या खेपेला तीन आठवले होते, शेवटच्या खेपेला अकरा. चाळिसांत एवढी मजल कुणीच मारली नव्हती. सोमवारी, कुणाला काय दिले याची बंद पाकिटे उघडली तेव्हा तो खऱ्या गोळीवाला निघाला. दोन गटांतला फरक केसाएवढा होता, पण होता. शुक्रवारी समिती बसणार होती आणि त्या केसावर मोठ्या चाचणीला परवानगी मिळणार, असे सगळेच धरून चालले होते.

चाचणी चालू असताना या खोलीत यायची बाईंना बंदी होती. कुणाला काय दिले आहे याचा वास जरी लागला तरी निकाल नासतो. आता पाकिटे उघडली होती, परीक्षा घेणारी सहकारी रजेवर होती, म्हणून आज पहिल्यांदाच बाई स्वतः बसल्या होत्या. गोळ्या थांबून दोन महिने झाले होते. कमावलेले टिकले का, एवढेच बघायचे होते. खरे तर त्या हौसेने आल्या होत्या.

"कधीपासून चाललंय हे?" त्यांनी विचारले.

"काय?"

"उजळणी."

बायकोने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला आणि सोडला.

"दुसऱ्या खेपेपासून," ती म्हणाली. "पहिल्या वेळी ह्यांना तीनच आले. त्या ताई काही बोलल्या नाहीत, पण कागदावर तीन लिहिताना मी पाहिलं. ह्यांनीही पाहिलं. घरी जाईपर्यंत तोंडातून शब्द नाही. मग पुढच्या वेळी मी कान देऊन बसले. माझं पाठांतर पहिल्यापासून चांगलं. घरी जाऊन लिहून काढलं, आणि रोज सकाळी चहाबरोबर म्हणून घ्यायला लागले."

"याद्या तीन आहेत."

"तिन्ही झाल्यात. आज कुठली येणार ते कळेना, म्हणून काल तिन्ही घेतल्या. तिथंच घोळ झाला."

तिला आत बसू कुणी दिले, हे विचारायची गरज नव्हती. बायको दिसली नाही की घड्याळजी कावराबावरा होतो, असे पहिल्याच पानावर लिहिलेले होते, आणि खाली परवानगीची सही बाईंचीच होती.

"पण का केलंत?"

"मार्क चांगले पडले तर गोळ्या पुन्हा सुरू होतील ना, म्हणून." तिचा आवाज बारीक झाला. "गोळीनं काय झालं ते मला नाही सांगता येणार, मॅडम. पण तोवर दर महिन्याला कुणीतरी विचारायचं, कसे आहात. आता कोण विचारतंय? माझं चुकलं का काही?"

तिच्या दोन थोबाडीत द्याव्यात असे बाईंना वाटले, आणि त्याच क्षणी तिच्या शेजारी बसून ढसाढसा रडावे असेही वाटले. आठ महिने रोज सकाळी घोकून घेतले तर पंचेचाळीस शब्द दगडावरही उमटतील. त्यात गोळीचा काय संबंध?

"तुमचं नाही," त्या म्हणाल्या. "आमचं चुकलं."

"मग आता दुसरी म्हणू?" घड्याळजीने उत्साहाने विचारले.

बाईंनी मान डोलावली. त्याने दुसरीही म्हणून दाखवली. एक शब्द राहिला, तो बायकोने सांगितला.

वरच्या मजल्यावर चाचणीचे हिशेब मांडणारा आकडेशास्त्री बसायचा. आकडे सोडून दुसरे काही बोलत नसल्यामुळे सगळ्यांनी त्याला ते नाव ठेवले होते. बाई त्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"सतरा नंबर काढून बघ."

त्याने काढला. पडद्यावरची दोन टिंबे सरकली आणि एकमेकांवर येऊन बसली.

"मग?"

"मग काही नाही. दोन्ही गट सारखे. गोळी काय आणि पीठ काय." तो खुर्ची फिरवून त्यांच्याकडे वळला. "पण बाई, असा पेशंट काढता येत नाही. कारण लागतं."

"कारण आहे. लिहून देते."

त्याने दाराकडे पाहिले आणि आवाज उतरवला.

"कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

आकडेशास्त्र्याने पडदा बंद केला. मग म्हणाला, "चहा सांगू?" अकरा वर्षांत त्याने पहिल्यांदाच बाईंना चहा विचारला होता. बाईंनी उभ्याउभ्याच समितीला दहा ओळी लिहिल्या, सही केली आणि दोन वाजता घरी निघाल्या.

हातातोंडाशी आलेला घास गेला म्हणावे, तर तो घास कधी हातात होता का, हाच प्रश्न होता. त्यांच्या औषधाने आजवर शेकडो उंदरांना वाट आठवली होती. उंदरांचे भले झाले. बसच्या खिडकीला डोके टेकून बाईंनी हिशेब मांडायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

सगळे दादामुळे सुरू झाले होते. अकरा वर्षांपूर्वी पंखा बसवताना त्यांचा मोठा भाऊ शिडीवरून पडला. सकाळचे त्याला दुपारी आठवायचे नाही. रक्ताच्या नात्यामुळे त्याला चाचणीत घेता येत नव्हते. पण गेली सहा वर्षे बाई घरी आल्या की तो न चुकता एकच गोष्ट विचारायचा: "औषध कुठवर आलं?" पडल्यानंतरची दुसरी कुठलीच गोष्ट त्याच्या डोक्यात टिकली नाही, हीच तेवढी टिकली. म्हणजे आत कुठेतरी नवे काही रुजत होते. त्या एका प्रश्नावरून बाईंनी सुतावरून स्वर्ग गाठला. अर्ज लिहिला, औषधाची दिशा बदलली, माणसे जमवली. उंदीर दगावले, साहेब लोक हसले, तरी संध्याकाळी दादा विचारायचा आणि दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा कामाला जायच्या. आजही त्यांना वाटले, औषध गेले तर गेले, दादाचा प्रश्न तर आहे. त्यावरून पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येईल.

दुपारी दादा झोपलेला असतो म्हणून त्यांनी किल्ली हळूच फिरवली. दार वीतभर उघडले. दादा झोपलेला नव्हता. आतून आईचा आवाज आला.

"छोटी आली की काय विचारायचं?"

"जेवलीस का?"

"ते नाही. तिच्या कामाचं. औ..."

"औषध."

"हां. औषध काय?"

"औषध संपलं?"

"नाही रे राजा. कुठवर आलं. म्हण बघू."

"औषध कुठवर आलं."

"पुन्हा."

आईच्या आवाजात कंटाळा नव्हता, घाई नव्हती. भाजी निवडता निवडता ती बोलत होती. देठ ताटात पडल्याचा आवाज मधूनमधून येत होता. बाईंनी दार ओढून घेतले आणि खटका वाजू नये म्हणून किल्ली फिरवून मगच सोडली. चार जिने उतरून त्या बसथांब्यावरच्या बाकावर जाऊन बसल्या.

सहा वर्षांपूर्वीचा एक दिवस त्यांना आठवला. सकाळी स्वयंपाकघरात त्या आईपुढे रडल्या होत्या, आता हे काम सोडते म्हणाल्या होत्या. त्याच संध्याकाळी दादाने पहिल्यांदा विचारले होते.

त्यांना आईचा राग आला नाही. राग यावा म्हणून त्यांनी बराच वेळ वाट पाहिली. बसेस येत राहिल्या, माणसे चढत उतरत राहिली.

रोजच्या वेळेला, साडेसहाला, बाई पुन्हा चार जिने चढल्या. पर्समध्ये किल्ली असूनही त्यांनी बेल दाबली. दादाने दार उघडले. त्याचे केस विंचरलेले होते. स्वयंपाकघरात आईने नळ सोडला. आपले लक्ष नाही हे दाखवायची तिची ती जुनीच रीत.

"आलीस?" दादा म्हणाला. "छोटी, जेव..."

तो थांबला. हे ते नव्हे, एवढे त्याला कळले होते. त्याने स्वयंपाकघराकडे पाहिले, मग बाईंकडे. त्याचे ओठ हलत होते आणि कपाळावर घाम येऊ लागला होता.

बाईंनी पर्स खाली ठेवली.

"औषध," त्या हळूच म्हणाल्या.

दादाचा चेहरा खुलला.

"औषध कुठवर आलं?"

आत नळ बंद झाला.

"पोचतच आलंय, दादा," बाई म्हणाल्या, आणि बुटांच्या नाड्या सोडायला खाली वाकल्या. त्या सोडायला त्यांना बराच वेळ लागला.