गुहेत झोपलेलं जनावर

भयपटांना आणि भीतीदायक व्हिडिओ गेमना काळोखी इलेक्ट्रॉनिक संगीत पुरवणाऱ्या त्या कचेरीत एक कडक रिवाज होता. आलेली धून परीक्षकांना नाव झाकून ऐकवायची. कर्ता ओळखू आला, तर परीक्षकाने तसं सांगायचं आणि धून बाद. त्यामुळे तिथे ऐकण्यापेक्षा संशय घेण्याचीच सवय सगळ्यांना जास्त.

थोरले परीक्षक, ज्यांना सगळे कानसेन म्हणत, त्या दिवशी डोळ्यांत तेल घालून ऐकत होते. त्यांचा धाकटा मेहुणा त्यांच्याच घरी, मागच्या खोलीत असलं संगीत बनवायचा. या वेळीही काही खपलं नाही, तर त्याने मुकाट्याने वडिलांच्या फरशीच्या दुकानात बसायचं, असं ठरलं होतं. आमच्याकडे पाठवू नकोस, असं कानसेनांनी त्याला बजावलं, तेव्हा तो लगेच "बरं दाजी" म्हणाला. आजवर तो कशालाच लगेच बरं म्हणाला नव्हता. शिवाय रविवारी दुपारी त्याने आपणहून त्यांना सोफ्यावर उशी आणून दिली होती. मेहुणा उशी देतो म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं.

पहिल्या धुनीत दार करकरलं. कानसेन पुढे झुकले. पण घरचं दार याहून वरच्या पट्टीत करकरायचं. दुसरीत नळ ठिबकत होता. घरचा नळ ठिबकत नसे, सरळ गळे.

तिसरी सुरू झाली आणि खोलीत कुणी हलेना. खोल, संथ गुरगुर. मग इतकी लांब शांतता, की शेजारच्या संकलक बाईंनी श्वास रोखला. मग बारीक शीळ. गुहेत झोपलेल्या जनावराजवळून खेळाडू चोरपावलांनी जातो, त्या जागेला हेच हवं, असं बाई म्हणाल्या. कानसेनांनी पुन्हा ऐकलं, मेहुण्याच्या सगळ्या खोडी धुंडाळल्या. एकही सापडेना. मग पैकीच्या पैकी गुण देऊन त्यांनी वर शेरा मारला, 'हे जनावर माणसाळलेलं नाही.'

संध्याकाळी त्यांनी ती धून कौतुकाने बायकोला ऐकवली. ती शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. गुरगुर सुरू होताच तिने मान वर न करता त्यांना कोपर मारलं.

"अहो, कुशीवर वळा."

"मी जागा आहे."

मग दोघांनीही फोनकडे पाहिलं, आणि नंतर दारात उभ्या असलेल्या मेहुण्याकडे. चोराच्या मनात चांदणं. तो न विचारताच म्हणाला, की नुसतं थोडं संथ केलंय.

कानसेनांनी उद्याच साहेबांना सांगायचं जाहीर केलं. मेहुण्याच्या डोळ्यांपुढे फरशा उभ्या राहिल्या.

"सांगा की," बायको म्हणाली. "पण ओळखलंत कशावरून, असं ते विचारतील."

कानसेन थांबले. आपण घोरत नाही, हे ते लग्नापासून सासऱ्यांना, शेजाऱ्यांना आणि एकदा डॉक्टरांनाही ठासून सांगत आले होते. त्यांनी धून पुन्हा लावली, शीळ येईपर्यंत लक्षपूर्वक ऐकली आणि फोन बंद केला.

"हा आवाज मी आयुष्यात कधी ऐकलेला नाही," ते म्हणाले. आणि ते अगदी खरं होतं.