मशीनवाल्या काकांचं फ्रेंच

भाषा पुस्तकात नसते, ती माणसांच्या ओठांवर जगते, असं धाकट्या बाईंचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी एका पुस्तकात वाचलं होतं.

चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत फ्रेंचचे वर्ग चालत. एका खोलीत धाकट्या बाई, दुसरीत थोरल्या बाई. दोघी सख्ख्या जावा. एकाच घरातून निघून, एकाच जिन्याने वर येऊन दोघी दोन वेगळ्या दारांनी आत जात. त्या वर्षी विद्यार्थी रोडावले आणि प्राचार्यांनी जाहीर केलं, की पुढच्या सत्रापासून संध्याकाळचा वर्ग एकच राहील. बाहेरचे परीक्षक येऊन तोंडी परीक्षा घेतील. जिचे विद्यार्थी चांगलं बोलतील, वर्ग तिचा. दुसरीने दुपारी रिकाम्या बाकांना शिकवावं, असं काही ते म्हणाले नाहीत. पण दुपारी बाकांशिवाय कुणी नसे.

थोरल्या बाईंची सगळी भिस्त लाल पुस्तकावर होती. त्यात एक गृहस्थ स्टेशनावर उतरतात आणि त्यांची ट्रंक हरवते. मग धड्यामागून धडे ते हमालाला, हॉटेलवाल्याला, एका विधवा बाईंना ट्रंकेबद्दल अदबीने विचारत हिंडतात. धाकट्या बाईंनी आपली प्रत केव्हाच डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली होती. टेबल तेव्हापासून गप्प होतं.

त्यांनी व्हिडिओ धुंडाळायला घेतले. बातम्या देणारी बाई कुणी पाठीस लागल्यासारखी बोलत होती. प्रवासाचे व्हिडिओ करणारी पोरं अर्धे शब्द गिळत होती. मग सापडले मशीनवाले काका. तिकडच्या कुठल्याशा गावात ते कपडे धुण्याची मशीनं दुरुस्त करायचे, त्याचे व्हिडिओ टाकायचे आणि तेच सगळं ब्लॉगवर सविस्तर लिहायचे. बोलणं शांत, स्वच्छ. एक वाक्य पुरतं संपल्याशिवाय दुसऱ्याला हात घालायचे नाहीत.

"हे खरं फ्रेंच," धाकट्या बाईंनी वर्गाला सांगितलं. "आईच्या मांडीवर शिकलेला माणूस असा बोलतो."

वर्ग नादावला. गृहपाठ म्हणजे ब्लॉगखाली प्रतिक्रिया लिहायची. काका एकूण एक प्रतिक्रियेला उत्तर देत. बँकेत काम करणाऱ्या एका बाईने घरचा मिक्सर उघडून त्याचं फ्रेंचमध्ये साग्रसंगीत वर्णन केलं. भाषा आली, मिक्सर गेला. तिच्या सासूबाई जिना चढून तक्रार करायला आल्या, तेव्हा धाकट्या बाईंनी त्यांना सुनेची प्रगती दाखवली.

घरी ताटं वाढता वाढता थोरल्या बाईंनी विचारलं, "फ्रेंच शिकवतेस की गॅरेज काढलंयस गं?"

"तुमच्या त्या गृहस्थांची ट्रंक मिळाली का हो, वहिनी?"

"शोधताहेत," असं म्हणून थोरल्या बाईंनी पातेलं पुढे सरकवलं. दोघींचे नवरे मान खाली घालून जेवत राहिले. आपल्याला फ्रेंच येत नाही, याचं त्यांना मनापासून समाधान होतं.

परीक्षेत थोरल्या बाईंचे विद्यार्थी अत्यंत अदबीने बोलले आणि कुठलाही प्रश्न विचारला तरी दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला ट्रंकेपाशी येऊन थांबले. धाकट्या बाईंच्या विद्यार्थ्यांना काहीही विचारा, ते आधी वीज बंद करत, झाकण उघडत, दोष शोधत आणि झाकण लावून मोकळे होत. एकाने आपल्या मेव्हण्याचा स्वभावसुद्धा याच क्रमाने समजावला. इतके स्वच्छ उच्चार क्वचितच कानावर पडतात, असं परीक्षक म्हणाले आणि संध्याकाळचा वर्ग धाकट्या बाईंना मिळाला.

नव्या सत्राच्या पहिल्या दिवशी त्यांनी काकांना व्हिडिओ कॉलवर बोलावलं. थोरल्या जावेला आग्रह करून पहिल्या बाकावर बसवलं. प्राचार्य आपण होऊन बसले. इतकं सुंदर बोलतात ते गाव कुठलं, असं धाकट्या बाईंनी सर्वांदेखत काकांना विचारलं.

काका जरा ओशाळले. ही आपली भाषाच नव्हे, असं म्हणाले. चाळिशी उलटल्यावर कामासाठी ते त्या देशात आले. घरी अजून दुसरंच बोलतात. सावकाश बोलतात, कारण प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवावं लागतं. शेजाऱ्यांचं बोलणं तर त्यांना निम्मंच कळतं. ती माणसं अर्धे शब्द गिळतात. मग आपण कशावरून शिकलो ते दाखवायला काका उठले आणि लाल पुस्तक घेऊन आले.

धाकट्या बाईंनी टेबलाच्या पायाकडे बघायचं टाळलं.

"ट्रंकेचं पुढे काय होतं, विचार ना त्यांना," पहिल्या बाकावरून थोरल्या बाई हळूच म्हणाल्या. "आमचा वर्ग कधी शेवटपर्यंत पोचलाच नाही."

धाकट्या बाईंनी विचारलं. "मिळते," काका म्हणाले. "शेवटच्या धड्यात. त्यांच्याच खोलीत असते."

धाकट्या बाई डगमगल्या नाहीत. पुस्तकातली भाषा माणसाच्या ओठांवर आली की ती अशी जिवंत होते, असं त्यांनी तिथल्या तिथे वर्गाला समजावून सांगितलं. प्राचार्यांनाही ते पटलं. त्यांनी संध्याकाळच्या वर्गासाठी लाल पुस्तकाच्या प्रती मागवल्या आणि त्या येईपर्यंत बाईंनी आपली प्रत वापरावी असं सुचवलं.

टेबल पुन्हा डुगडुगायला लागलं.