ओटीत घेतलेली गोष्ट

चरित्र लिहिणाऱ्यानं शिव्या खायची तयारी ठेवावी, असं सत्यशीलाला सगळ्यांनीच बजावलं होतं. त्यातून हे चरित्र खंडेरावाचं. फर्दापूरजवळच्या वस्तीवर मेंढरं राखणाऱ्याच्या घरात जन्मलेला हा बहाद्दर खांद्यावर घोंगडं आणि गळ्यात गिटार अडकवून स्टेजवर उभा राहिला की पोरं वेडीपिशी व्हायची आणि त्यांचे बाप वर्तमानपत्रांना पत्रं लिहायला बसायचे. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला त्यानं पुढाऱ्याच्याच पायाशी माईक आपटला होता. दारूपायी दोनदा कोठडी पाहिली होती. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे तान्ह्या लेकीसकट बायकोला घराबाहेर काढलं होतं. निदान जग तरी तसंच म्हणत होतं. चाळिशीच्या आतच लिव्हर गेलं आणि तो मेला, तेव्हाही ‘बायकोचा तळतळाट भोवला’ म्हणणारे कमी नव्हते.

पण शिव्या आल्याच नाहीत. हार आले, शाली आल्या, नारळ तर इतके आले की सत्यशीला ती शिकवायची त्या कॉलेजातल्या शिपायांना वाटत सुटली. जो तो एकच विचारायचा, ‘मॅडम, नववं प्रकरण कसं हो मिळालं तुम्हाला?’

क्रांती चौकाजवळच्या सभागृहात पुस्तकावर चर्चा ठेवली होती. तिथं तात्यासाहेब उठले. हे निवृत्त मुख्याध्यापक. पंधरा वर्षांपूर्वी संस्कृतीच्या नावानं खंडेरावाचा कार्यक्रम यांनीच बंद पाडला होता. म्हातारा माईकपाशी आला तो डोळे पुसतच.

“मी त्या पोराला राक्षस म्हणालो होतो,” ते म्हणाले. “नववं प्रकरण वाचलं आणि घास उतरेना. बायकोला त्यानं नाही, त्याच्या आईनं काढलं. आणि आईचं नाव खराब होऊ नये म्हणून हा जन्मभर गप्प बसला. अहो, असा मुलगा कुणाच्या पोटी येतो?”

टाळ्या पडल्या. मागून एका पोरानं ओरडून विचारलं, “आणि ती म्हातारी? तिला कुणी जाब विचारणार का नाही?”

त्यावर पहिल्यापेक्षा जास्त टाळ्या पडल्या. लोकांना कुणीतरी एक वाईट लागतंच. खंडेराव हातचा गेला, तर त्याची आई बानाबाई सापडली. मोबाईलवर तर काही विचारूच नका. खंडेरावाच्या फोटोला दिव्यांच्या ओळी आणि बानाबाईच्या फोटोखाली असल्या असल्या शिव्या, की वाचणाऱ्यानं आंघोळ करावी. तो फोटो सत्यशीलानंच काढला होता. पुस्तकात पान भरून छापलेला. कोकरू उराशी धरलेली बानाबाई त्यात लाजून हसत होती.

सत्यशीला हार गळ्यात घेऊन बसली होती आणि तिला तो काढून फेकावासा वाटत होता. कारण नववं प्रकरण कसं मिळालं, हे तिलाच माहीत होतं.

बानाबाई आधी काही बोलतच नव्हती. सत्यशीला वस्तीवर गेली की चहा मिळायचा, भाकरी मिळायची, खंडूच्या लहानपणच्या खोड्या ऐकायला मिळायच्या. बायकोचा विषय काढला की म्हातारी उठून मेंढरांना पाणी दाखवायला जायची. शेवटच्या खेपेला मात्र तिनं सत्यशीलाला पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं, खणानारळानं ओटी भरली.

“आता तू लेक झालीस माजी,” ती म्हणाली. “लेकीपासून घरातलं झाकू नाय. आन् लेकीनं घरातलं बाहेर नेऊ नाय.”

मग ती बोलली. सून आली, नात झाली आणि त्याच महिन्यात मेंढरांवर रोग आला. खंडू कार्यक्रमाला पुण्याकडं. मेंढरं पटापटा मरत होती आणि बानाबाईच्या डोक्यानं घेतलं, की सून पांढऱ्या पायाची. खंडूला तुम्ही दोघी नकोत, असं सांगून तिनं सुनेला लेकरासकट जालन्याच्या जीपमध्ये बसवलं आणि खंडूला सांगितलं, तुझी बायको आपल्या पायानं गेली, दुसरा बघितलाय तिनं. खंडूला खरं कळलं ते कैक वर्षांनी. तोवर सुनेनं दुसरं घर केलेलं. तो आईला एक शब्द बोलला नाही. जगालाही बोलला नाही. फक्त प्यायला लागला.

मोबाईल सत्यशीलाच्या पदराखाली होता, आणि रेकॉर्डिंग सुरू होतं. बंद करायला तिचा हात गेलासुद्धा होता. पण तिनं तो बंद केला नाही, नीट सरळ ठेवला. लिहू का, असंही विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हातारी नको म्हणाली असती, म्हणूनच विचारलं नाही. खंडेरावावरचा कलंक पुसायचा आहे, सत्य सांगायचं आहे, असं तिनं स्वतःला पुष्कळ समजावलं. पण मनाला विचारलं तर ते सांगत होतं, की प्रकरण भारी झालंय, हे तिला लिहितानाच कळलं होतं.

आणि मग सृष्टीचा फोन आला. सृष्टी म्हणजे खंडेरावाची तीच तान्ही लेक. आता जालन्याला कॉलेजात शिकत होती. बापाच्या मातीला ती पहिल्यांदा वस्तीवर आली, आणि तेव्हापासून दर सुट्टीला आजीकडं राहायला येऊ लागली. बानाबाईचा सगळा जीव त्या पोरीत होता. दिवाळी आली की म्हातारी घर सारवून रस्त्याकडं डोळे लावून बसायची.

“मॅडम, थँक्यू म्हणायला फोन केला,” सृष्टी म्हणाली. आवाज अगदी शांत. “माझ्या बापाला मी नकोशी नव्हते, हे तुमच्यामुळं कळलं. आता त्या बाईच्या दारात मी पाऊल ठेवायची नाही.”

इतक्या वाचकांनी आभार मानले होते, पण हे आभार सत्यशीलाच्या वर्मी बसले. दोन घास खाऊन ती उठली.

दुसऱ्या दिवशी कय्युमचा फोन. खंडेरावाच्या बँडमधला हा ढोलवाला आता सिल्लोडला कापसाच्या व्यापारात होता, आणि येता-जाता म्हातारीची खबर घ्यायचा.

“किताब लई भारी लिखी ताई,” तो म्हणाला. “हमारा खंडू साफ हो गया. पन परवा चार पोरं गाडीवर आली, मायच्या दारात उभी राहून व्हिडिओ काढला, खेटर फेकलं. मी सांगायला नको होतं, पन सांगतो. तुम्ही एकदा जाऊन या.”

रविवारी ती गेली. सिल्लोड मागं पडलं. काय बोलायचं ते तिनं वाटेत दहादा जुळवलं आणि दहादा मोडलं.

बानाबाई दारातच बसली होती. अंगणात चार मेंढ्या, शेणानं सारवलेली जमीन. सत्यशीलाला पाहून ती उठली, पाण्याचा तांब्या दिला, नेहमीसारखंच “दमलीस का माय?” असं विचारलं. सत्यशीलाला वाटलं, हिला काहीच माहीत नाही. पोरं का आली, खेटर का पडलं, काहीच कळलेलं नाही हिला. आणि तिला इतकं हायसं वाटलं, की त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

“पुस्तक आनलंस का?” बानाबाईनं विचारलं. “मला कुठं वाचता येतंय. तूच वाच. माज्या खंडूचं काय काय लिवलंस ते ऐकू दे.”

सत्यशीलानं पुस्तक उघडलं. खंडूनं आंब्याच्या झाडावरून उडी मारली, शाळेतून पळून मेंढरांत लपला, पहिली गिटार घ्यायला स्वतःचं मेंढरू विकलं. म्हातारी कुठं हसली, कुठं डोळ्याला पदर लावला. ऊन अंगणातून सरकत भिंतीवर गेलं. आठवं प्रकरण संपलं. सत्यशीलानं पानं उलटली आणि दहावं सुरू केलं. मुंबईचा कार्यक्रम, गर्दी, पोलीस.

बानाबाईनं ते सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, “मधलं सोडलंस.”

सत्यशीलानं पुस्तक मिटलं.

“नातीनं फोनवर वाचून दावलं मला,” बानाबाई म्हणाली. “तेवढंच वाचलं. समदं. म्या म्हनले तसंच लिवलंस, एक शब्द इकडचा तिकडं नाय. मग फोन ठिवला तिनं. लिवताना तुजा हात नाय आडला, आन् आता जीभ का आडती?”

“मावशी, चुकले मी,” सत्यशीलाला रडू फुटलं. “मी तुमच्या विश्वासाचा घात केला. मी सृष्टीकडं जाते, तिचे पाय धरते. पुढच्या आवृत्तीत ते प्रकरण काढून टाकते. मला माफ करा.”

“खोटं थोडंच हाय ते, काडून टाकायला?” म्हातारीचा आवाज चढला नव्हता. ती भिंतीला टेकून बसली होती आणि रस्त्याकडं बघत होती. “तुला का सांगितलं म्हाईत हाय? वीस वर्सं पोटात होतं. तोंडातनं निगतंय का ते बगायचं होतं. तुज्यापुढं निगालं. म्हनलं, आता जमतंय. आता दिवाळीला पोर आली की जवळ बसवून सांगीन. तिच्या पाया पडीन. मारू दे, थुकू दे, पन माज्या तोंडानं सांगीन.”

सत्यशीलानं पुस्तक उचलून पिशवीत टाकलं.

“आता म्या सांगायला गेले तर ती म्हननार, पुस्तकात आलं म्हनून म्हातारी कबूल करती,” बानाबाई म्हणाली. “तिची माफी मागायची व्हती मला. येवडं एकच व्हतं माज्याजवळ. ते बी तू छापलंस.”