पश्चिमेसमोरची भिंत

कॉन्चेत्ताने खिडकीसमोरची खुर्ची बाजूला ओढली. समुद्रावरून येणाऱ्या उन्हाला आता भिंतीपर्यंत काहीच आडवं नव्हतं.

दारात फोटोग्राफर लॅकलन टीग. हातात वाइन, टोपीखाली केस पांढरे, हसू तेच.

"मी काढलेला फोटो विकत घेतलास आणि जेवायला बोलवायला इतकी वर्षं लावलीस?"

"तुला गरज पडायची वाट पाहत होते."

तो मोठ्याने हसला. गरज होतीच. स्टुडिओ जळाला, त्यात निगेटिव्ह गेल्या. आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन भरत होतं आणि त्याच्या सगळ्यात गाजलेल्या फोटोची एकच प्रत उरली होती. तिच्या घरात.

*नारिंगी*

फोटोत तिचा भाऊ नीनो. ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल बंदराच्या धक्क्यावर, जाळ्यांच्या ढिगावर झोपलेला. तोंड उघडं, अंगात नारिंगी मेणकापडी डगला, कुशीत दारूची बाटली.

नीनो तेव्हा दारूला शिवत नसे. रात्रभर मासे ओढून दमला होता, इतकंच.

फोटो मासिकांत आला. धक्क्यावरची माणसं नीनोला पाहून घोरून दाखवायची. मग त्याला कोणी बोटीवर घेईना. मग तो खरंच प्यायला लागला आणि त्यातच गेला.

त्याला पुरल्यावर कॉन्चेत्ताने फोटो विकत घेतला.

*निळं*

टीग खोलीत आला आणि थांबला.

डगला उन्हाने विटून फिकट निळा. जाळी निळी. चेहऱ्याच्या जागी धुवट पांढरा डाग.

"हे काय केलंस तू?"

"टांगला. घरात टांगतात तसा."

"रंगीत फोटो उन्हात? फ्रेमवाल्याने सांगितलं नाही?"

"सांगितलं ना. दोनदा सांगितलं. म्हणून तर पडदे काढले."

"वेडी आहेस तू!"

"असेन. तू बस ना, उभ्याने कशाला ओरडतोस?"

तो बसला नाही. भिंतीशी गेला, काचेवर नाक टेकवून पाहू लागला. त्याच्यातला कारागीर जागा झाला.

"वाचेल अजून. कडेला पुठ्ठ्याची चौकट आहे ना, तिच्याखाली ऊन पोचत नाही. तिथले रंग जसेच्या तसे असणार. त्यावरून बाकीचे जुळवता..."

तो एकदम काचेपासून मागे सरला.

टेबलावर काटेचमच्यांच्या शेजारी स्क्रूड्रायव्हर होता. कॉन्चेत्ताने तो उचलून त्याच्यापुढे धरला.

"उघड ना."

त्याने हात पुढे केला नाही.

*पट्टी*

तिनेच फ्रेम उतरवली. स्क्रू सहज फिरले. ते आधीही फिरले होते. पुठ्ठा बाजूला झाला.

कडेची पट्टी कालच धुऊन काढल्यासारखी ताजी होती. तिच्यात उघडी पडलेली कॅमेऱ्याची बॅग, झाकणावर टीगचं नाव. बॅगेत नीनोच्या कुशीतल्यासारख्याच सहा बाटल्यांचा खोका. एक खाच रिकामी.

"कॉन्चेत्ता, तेव्हा आपण सगळेच तरुण होतो, गंमत म्हणून..."

"प्रदर्शनाला न्यायचाय ना? ने. मी नाही म्हणत नाही. पुठ्ठा तेवढा इथे राहील. ही कड सगळ्यांना दिसू दे."

टीगने टोपी चाचपली. ती डोक्यावरच होती.

पांढऱ्या डागावर तिचा अंगठा क्षणभर रेंगाळला. तोंड नेमकं कुठे होतं, तिला सापडेना.

मग तिने उघडा फोटो भिंतीला टेकवून ठेवला आणि मघाची खुर्ची ओढून फोटोसमोर आणली.

"बस, लॅकलन. जेवण गरम आहे. आणि इथून सगळं नीट दिसतं."