डचमळतं पाणी

सुलोचनाबाईंनी यंदा कवडूची जुनी पिकअप नाकारली, तेव्हा कोंढा गावात दोन दिवस दुसरा विषयच नव्हता. कवडू त्यांचा सख्खा धाकटा दीर. गावतलावात सोडायच्या बोटुकल्या, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं, दहा वर्षं त्याच्याच गाडीतून यायच्या. आता ती गाडी म्हणजे हॉर्न सोडून सगळं वाजणारी, हे खरं. पण म्हणून घरचा माणूस सोडून बाहेरची गाडी?

"पिल्लायले दनके बसतेत," सुलोचनाबाईंनी गटातल्या बायकांना ठासून सांगितलं. "बाळंतिनीले कोनी त्या डब्यात बसवते का?"

आणि भाचा भुपेंद्रची कोरी करकरीत पिकअप ठरली. समोर मोबाइलसारखा पडदा, मागे कॅमेरा, आणि रस्त्याला खड्डा आहे हे आत बसलेल्याला कळूच नये अशी चाल.

तलाव यंदा पहिल्यांदाच बायकांच्या गटाला मिळाला होता, तोही पुरुषांच्या सोसायटीच्या नाकावर टिच्चून. यंदा त्यात बीज, म्हणजे ही पिल्लं, पडली नाहीत, तर ठेका रद्द होऊन तलाव पुन्हा सोसायटीकडे जाणार होता. बीज केंद्रातली ही हंगामातली शेवटची खेप. आणि कवडू सोसायटीचा जुना सभासद.

सहा ड्रम मागे चढवून गाडी निघाली. सुलोचनाबाई पुढे बसल्या, गटातली रेणू ड्रमांपाशी. डांबरी रस्त्यावर गाडी अशी चालली की भुपेंद्रच्या पाण्याच्या बाटलीतलं पाणीही हललं नाही. सुलोचनाबाई मनातून खूश होत्या. तेवढ्यात मागून काचेवर थापा पडल्या.

"काकू, थांबवा! मासोळ्या वर आल्या!"

सुलोचनाबाई मागे चढल्या. एकेका ड्रममध्ये शेकडो चिमुकली तोंडं पाण्यावर येऊन उघडमीट करत होती. पाणी आरशासारखं स्थिर होतं. स्थिर पाण्यात हवा मिसळत नाही, हे ढिवराच्या, म्हणजे मासेमाराच्या, घरात जन्मलेल्या बाईला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण कवडूच्या गाडीत पाणी आपोआप डचमळत राहायचं, म्हणून दहा वर्षांत कधी हात घालून ते हलवावं लागलं नाही, आणि बाई ती गोष्ट साफ विसरून गेल्या होत्या. ज्या दणक्यांना त्यांनी गावभर नावं ठेवली, त्या दणक्यांमुळेच पिल्लं जगत होती.

दोघींनी कोपरापर्यंत हात घालून पाणी घुसळायला सुरुवात केली. दोन ड्रम हलवेपर्यंत बाकीचे चार गुदमरत.

"भुपेंद्र, डांबरी सोड! नहराच्या पाळीनं घे."

"मावशी, तिकडं निरे खड्डे आहेत. नवीन गाडी आहे माही!"

"म्हनूनच म्हनतो न. घे!"

त्याने तोंड वाकडं करत गाडी कालव्याच्या पाळीवर उतरवली. खड्डे लागले, पाणी उसळलं, पिल्लं खाली गेली. सुलोचनाबाईंनी पदराने तोंड पुसलं. दोन किलोमीटरही झाले नसतील, पडद्यावर लाल दिवा लागला. गाडी बैलासारखी अडली, आणि मग बंदच पडली.

भुपेंद्रने बॉनेट उघडलं आणि नुसता बघत राहिला. "आतमंदी सगळा कंप्युटर आहे, मावशी. पाना लावाले जागाच नाही. कंपनीचा मानूस भंडाऱ्याहून येईन, दोन घंटे लागतीन."

दोन तासांत सहाही ड्रम मेले असते. जवळ गाडी एकाचीच होती. तिला नाही म्हटलं होतं, आणि तिच्या मालकाला नुसतं घरी बसून राहिलं तरी तलाव परत मिळणार होता. सुलोचनाबाईंनी फोन लावला. हात ओले, आवाज कोरडा. काय झालं ते एका दमात सांगितलं.

पलीकडून एवढंच आलं, "कुठी आहा तुमी?"

त्यांनी जागा सांगितली, आणि फोन बंद झाला. येतो म्हणाला नाही, नाही येत असंही म्हणाला नाही. तिघंही पाणी हलवत राहिले. भुपेंद्रने नवा शर्ट भिजवून घेतला. शेवटच्या ड्रममध्ये पांढरी पोटं वर यायला लागली, तसं सुलोचनाबाईंना रडू फुटलं. तो मुद्दाम उशीर करतोय, असं त्यांच्या मनात दहादा येऊन गेलं.

आणि मग पाळीच्या वळणापलीकडून खडखडाट ऐकू आला.

कवडू उतरला. नव्या गाडीकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. "कोनता डरम जास्त बिघडला?" एवढंच विचारलं. फाळक्याला फाळका भिडवून चौघांनी ड्रम सरकवले. मग त्याने गाडी अशी हाणली, की मागे बसलेल्या सुलोचनाबाईंचं डोकं दोनदा पत्र्यावर आपटलं. एकही खड्डा त्याने चुकवला नाही.

तलावावर पोचल्यावर ड्रममध्ये थोडं थोडं तलावाचं पाणी मिसळून पिल्लं सोडली. एक ड्रम गेला होता. पाच ड्रम वाचले. पिल्लं काळ्या रेघांसारखी खोल पाण्यात निघून गेली, आणि तलाव बायकांचा राहिला.

कवडूच्या खिशात फोन वाजत होता. सोसायटीच्या अध्यक्षांचं नाव बघून त्याने तो तसाच वाजू दिला.

"वहिनी, एक इचारू? दनक्यायचं सांगू नका. माह्या गाडीले काहून नाही म्हटलं?"

सुलोचनाबाईंना खोटं बोलणं सोपं होतं. पण ओल्या लुगड्यात, दुखऱ्या हातांनी उभ्या असलेल्या त्या बाईच्याने ते झालं नाही.

"गाडीले नाही म्हटलं नव्हतं, भाऊजी. तुमाले म्हटलं होतं."

"मले ठाऊक होतं," कवडू म्हणाला, आणि रिकामे ड्रम गाडीत चढवायला लागला.