बिघाड आपल्याकडचाच

धाकटीने भिजवलेली चादर पिळायला घेतली होती, तेवढ्यात आतून हाक आली.

"अगं, परत आली बघ!"

अर्धवट पिळलेली चादर तिने बादलीत सोडली, हात पुसले आणि बाबांच्या खोलीत गेली. चष्मा कपाळावर चढवून बाबा कॉम्प्युटरकडे रागाने बघत होते. ताईला पाठवलेली मेल आठवडाभर अशीच परत येत होती आणि सोबत इंग्रजीतलं लांबलचक रडगाणं आणत होती.

"बंद करून चालू केलंत?"

"सगळं केलं. राउटरसुद्धा काढून लावला."

"मग फोन करा ना तिला. लिहिण्यावाचून काय अडलंय?"

"फोनवर ती घाईत असते गं."

घाई धाकटीलाही असायची. चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभं राहायचं, गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेमी चढवायच्या, घरी येऊन चूल सांभाळायची. पण तिच्याशी बोलायचं म्हणजे सिलिंडर संपत आलाय, गोळ्या आणायच्यात, नळ गळतोय. संपलं बोलणं. जेवताना तर बाबा मूग गिळून बसायचे. वर रोज संध्याकाळी टेबलावर पाण्याचा पेला झाकून ठेवायचे आणि विसरून जायचे. ती करवादत ते पाणी कुंडीत ओतायची.

दुपारी सुट्टीला घरी असली की मात्र या खोलीतून एका बोटाने चाललेली टकटक तिला ऐकू यायची. मध्येच बाबा लिहिता लिहिता स्वतःशी हसायचे. ते हसू कानावर पडलं की धाकटीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वर्षानुवर्षं परदेशात राहणाऱ्या लेकीला गप्पा, आणि उशाशी असलेल्या लेकीला सिलिंडर! वाचायचं म्हटलं तर तिला कधीही वाचता आलं असतं, पासवर्ड तिनेच घालून दिला होता. पण दुसऱ्यासाठी वाढलेल्या ताटात डोकवायची तिला लाज वाटायची.

तिने वाकून ते रडगाणं वाचलं. अर्थ अगदी सरळ होता. पत्ता बरोबर होता, पण तिकडची पेटी शिगोशीग भरली होती आणि आता त्यात काही मावत नव्हतं.

पेटी काही एका दिवसात भरत नाही. "बघते," एवढंच म्हणून धाकटी फोन घेऊन गॅलरीत गेली.

"ताई, तुझी मेल भरलीय."

"कुठली, ती जुनी? अगं, नोकरी बदलल्यापासून मी ती उघडतच नाही. नुसता कचरा येतो तिकडे."

"बाबा तिथेच लिहितात तुला."

"अजून? फोनवर विचारतात, वाचलीस का म्हणून. मी हो म्हणते. उगाच वाईट कशाला वाटायला? तू घे ना सांभाळून. तुला जमतं."

खरं सांगायचं तर फोन ठेवल्यावर धाकटीला आधी आनंदच झाला. लाडक्या लेकीने एकही ओळ वाचली नव्हती! कधी एकदा बाबांना सांगते असं तिला होऊन गेलं. ती तरातरा खोलीत शिरली.

"बाबा, ऐका—"

"थांब, आधी माझं ऐक," बाबा म्हणाले. जन्मभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या, आणि बिघाड समोर आला की त्यांचा चेहरा उजळायचा. "लिफ्ट एका मजल्यावर थांबत नसली की आम्ही काय करायचो? दुसऱ्या मजल्याचं बटण दाबायचो. तिथे थांबली, तर दोष त्या मजल्याचा. कुठेच थांबली नाही, तर दोष मशीनचा. तर हीच मेल तुला पाठवतो. तुला मिळाली, तर बिघाड ताईकडे. नाही मिळाली, तर आपल्याकडे. सांग तुझा पत्ता."

तोही त्यांना ठाऊक नव्हता. एकेक अक्षर सांगताना धाकटीचा आवाज कोरडा झाला. बाबांनी बटण दाबलं. तिच्या खिशातला फोन थरथरला.

"आली?"

"वेळ लागतो," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. ओट्याला टेकून तिने मेल उघडली.

समोरच्या गच्चीवरच्या म्हाताऱ्याने कबुतरांना घाबरवायला जुना कोट टांगला होता, आणि आता त्याच कोटाच्या खिशात कबुतरांनी संसार थाटला होता. म्हातारा शिव्या देतो त्या कोटाला, कबुतरांना नाही, असं बाबांनी लिहिलं होतं. धाकटीला हसू फुटलं. तिने तोंडावर हात धरला. हा माणूस एवढा गमत्या होता?

पुढे लिहिलं होतं:

'धाकटीच्या उजव्या चपलेची टाच बाहेरून झिजली आहे. दिवसभर उभी असते. घरी येताना जिन्यात जरा थांबते, दम खाते, मग आत येते. मला तिचं थांबलेलं पाऊल ऐकू येतं. विचारलं तर चिडेल, म्हणून पाणी तेवढं भरून ठेवतो. तिला हे बोलू नकोस. तुझ्याशी कसं, बोलता येतं.'

शेवटचं वाक्य तिने पुन्हा वाचलं. तिच्या पोटात दुखलं, आधीपेक्षाही जास्त. हे सगळं ताईला आयतं मिळत होतं, आणि ताईच्या लेखी तो कचरा होता.

"आली का गं?" आतून आवाज आला.

हो म्हटलं की झालं. बिघाड कुठल्या मजल्यावर आहे ते बाबांना लगेच कळलं असतं.

"नाही आली," धाकटी म्हणाली. "बिघाड आपल्याकडचाच दिसतोय."

"परत तर आली नाही ही," बाबा हळूच म्हणाले. तिला की स्वतःला, ते कळलं नाही. मग जरा वेळाने त्यांनी विचारलं, "हीच पुन्हा पाठवू?"

"नको. ती अडकली कुठेतरी. नवीन लिहा. आणि मलाच पाठवत जा, दुरुस्त होईपर्यंत."

"कधी होईल दुरुस्त?"

"वेळ लागेल, बाबा."

खुर्ची करकरली. टकटक सुरू झाली आणि लगेच थांबली.

"मायना काय घालू? ताईचाच?"

धाकटीने फोन ओट्यावर ठेवला. आज सुट्टी होती, तरीही टेबलावर पेला झाकून ठेवलेला होता.

"माझा घालून बघा," ती म्हणाली.

तिने झाकण काढलं आणि पेलाभर पाणी उभ्याउभ्याच पिऊन टाकलं.